अंगठाभर जास्त

पॅरिस, सँ-दनी रस्ता
संत मार्टिनच्या सणानंतरचा मंगळवार, १६८४

प्रिय गियमेतताई,

तुला आणि दाजींना नमस्कार, पोरांना पापे. इकडे सगळे ठीक. थंडी पडलीय, मला सर्दी झालीय, सरपण महागलंय. झाली खुशाली.

आता ऐक. मी एक गोष्ट केली, जी करायला नको होती. मे महिन्यात, वरच्या दिवाणखान्यात, मोंफ्रेवालांच्या बाईसाहेबांच्या नाकासमोर, मी युस्ताशकाकांच्या हातात कापड मोजायचा गज दिला. दिला म्हणजे अगदी हातात कोंबला नाही. पण असं काही केलं, की काकांनी तो घेतल्याशिवाय राहूच नये. गंमत म्हणून केलं. निदान तेव्हा मी स्वतःला तसंच सांगितलं होतं.

हे तुला सांगणार नव्हतो. पण तुझं अभिनंदनाचं पत्र आलं आणि माझं डोकं फिरलं. काय तर म्हणे, दुकानाच्या पाटीवर आता मातुरँचं नाव आलं, बाबा असते तर धन्य झाले असते. दाजी म्हणतात, पोरगा शेवटी कामाचा निघाला, आता आपल्या जाकोला त्याच्या हाताखाली शिकायला पाठवू, आणि मेणबत्त्यांच्या धंद्याला थोडं भांडवलही मागू. ताई, जाकोला पाठवू नका. भांडवलाचं तर नावच काढू नका. का, ते विचारू नको असं लिहिणार होतो, पण तू विचारणारच. आणि मी उत्तर दिलं नाही तर दाजी बैलगाडीत बसून स्वतः येतील, म्हणून सगळं सुरुवातीपासून सांगतो.

तू लग्न होऊन अमिएँला गेलीस तेव्हा आपली काकू साधी कापडवाल्याची बायको होती. गल्ल्यावर बसायची, गिऱ्हाइकाशी भांडायची, कोबीच्या सूपमध्ये पाव बुडवून खायची. आता ती बाई शोधून सापडणार नाही. तिला कादंबऱ्यांचा नाद लागलाय. एकेक गोष्ट दहा-दहा खंडांची, वीट फेकून मारावी इतके जाड खंड. तिला आता बारीक अक्षर दिसत नाही, आणि घरात रिकामटेकडा कोण, तर मी. म्हणून रोज संध्याकाळी मी वाचायचं आणि तिने उसासे टाकायचे. माझं वाचन कसं आहे तुला माहीत आहे. लांब शब्द आला की मी त्याला वळसा घालतो. पण तिला चालतं.

त्या पुस्तकांत सगळे मेंढपाळ. पण कसले मेंढपाळ, तर रेशमी फिती बांधलेले, कविता करणारे. ताई, आपण लोकरीच्या कापडावर वाढलेली माणसं. सात खंड वाचून झाले, एकाही मेंढीची लोकर कुणी कातरली नाही. नायक घोड्यावरून तीन राज्यं फिरला, एकाही खानावळवाल्याने त्याच्याकडे पैसे मागितले नाहीत. मी काकूला म्हटलं, हे लोक जेवतात कधी? तर म्हणाली, मातुरँ, तू जन्माचा दुकानदार.

हे पुस्तकातच राहिलं असतं तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण तिने ते घरात आणलं. नियम केला की किंमत, भाव, उधारी, सूट हे शब्द जिन्याच्या वर यायचे नाहीत. खाली दुकानात काय बोलायचं ते बोला. आपल्या मोलकरणीचं, बाबेतचं नाव बदलून बेलीरोज ठेवलं. काकूने बेलीरोज म्हणून हाक मारली की बाबेत मागे वळून बघते, कोण बाई आल्या. एकदा खाटकाचा माणूस महिन्याचे पैसे घ्यायला वर आला. काकूने त्याला सांगितलं की असल्या विषयावर या घरात बोलत नाहीत. त्याला वाटलं बाई पैसे बुडवतेय. मग आठवडाभर घरात मटण नाही, आणि काकू म्हणते आजकाल मेंढ्या रुसल्यात. शेवटी काकांची मुलगी पेरीन गुपचूप मागच्या दाराने गेली आणि हिशेब मिटवून आली. काकांची पेरीन ही अशी. आईसमोर डोळे खाली घालून बसणार, आणि घरातल्या सगळ्या किल्ल्या हिच्या कमरेला.

याच पेरीनचं लग्न काकूने ठरवलं मोंफ्रेवालांकडे. जुनं सरदार घराणं. गावाकडे गढी, गढीला छप्पर अर्धंच, पण गाडीवर घराण्याचं चिन्ह आहे आणि ते खरं आहे. मुलाचं नाव एमार. स्वभावाने गरीब, दिसायला बरा, कुत्र्यांवर फार जीव. त्याची आई म्हणजे बाईसाहेब. ही बाई कादंबऱ्या वाचत नाही. हिने एकच अट घातली. म्हणाली, दुकान लग्नापर्यंत चालवा, नोकर-पुतणे काय करायचं ते करोत, पण माझ्या मुलाच्या सासऱ्याच्या हातात गज किंवा कात्री कुणी पाहिली, तर लग्न मोडलं समजा. खानदानी माणूस हाताने धंदा करत नाही. केला तर त्याचं खानदानीपण जातं, कायदाच आहे तसा. काकांनी राजाच्या दरबारातलं एक पद विकत घेतलं होतं, त्यातून तेही पुढेमागे खानदानी होणार होते. तोवर हात स्वच्छ ठेवायचे.

आणि काकांनी ठेवले. ताई, चाळीस वर्षं कापड मोजलेला माणूस, त्याला दिवसभर मखमली खुर्चीवर बसवलं. डोक्यावर केसांचा टोप. झोपताना हातांना बदामाची पेस्ट चोपडून हातमोजे घालायचे, कारण अंगठ्याला कात्रीचा घट्टा होता आणि तो जाईना. खाली दुकानात गिऱ्हाईक आलं की काका वर पाय हलवायचे. मी वाचत असलो आणि खालून तागा उलगडल्याचा आवाज आला, की त्यांचे ओठ हलायचे. एक, दोन, तीन. काकू म्हणायची, हे कवितेची मात्रा मोजतात.

मलाही काकूने नोकरी ठरवली होती. लग्नानंतर दुकान विकायचं, बाबांचा अर्धा वाटा मला रोख मिळणार, आणि शिवाय लाल कोट घालून मोंफ्रेवालांच्या गाडीच्या मागे फळीवर उभं राहायचं. म्हणाली, पुतण्याला याहून मानाची जागा कुठली. मी म्हटलं, फळीच्या खाली. जाऊ दे.

तर पेरीन. लग्न ठरल्यापासून ती खिडकीत बसून रडायला लागली. रोज. रस्त्याकडे बघायची आणि डोळे पुसायची. काकू खूश, म्हणाली बघ कशी रडते, अगदी चौथ्या खंडातल्यासारखी. आणि मला काय वाटलं सांगू? मला वाटलं पोरीच्या मनात दुसरंच कुणीतरी आहे आणि हिला बळजबरीने देतायत. दुसरं काय वाटणार? सात खंड वाचले होते मी. त्यांत खिडकीत रडणारी प्रत्येक मुलगी नको त्या माणसाला दिलेली असते, आणि मग कुणीतरी धाडसी माणूस येतो आणि ते लग्न मोडतो.

म्हणून मी ठरवलं. हे लग्न मोडायचं. आणि मोडायला काय लागतं, तर काकांच्या हातात एक गज.

बाईसाहेब एमारला घेऊन जेवायला यायच्या होत्या. नवा कोवळा मटार आणला होता, तो सोन्याच्या भावाने मिळत होता, पण भाव हा शब्द वर्ज्य म्हणून कुणी काही बोललं नाही. जेवणानंतर बाईसाहेबांना भेट द्यायची होती, त्यांच्या नोकरांच्या कोटांसाठी लाल बनातीचा, म्हणजे जाड लोकरी कापडाचा, अख्खा तागा. तो वर आणायचं काम माझं. मी तागा आणला आणि त्याच्या पोटात गज लपवून आणला. मग अगदी साधेपणाने म्हणालो, बाईसाहेब, मोजून देऊ का, म्हणजे तुमचा शिंपी कापड खाणार नाही. शिंप्याचं नाव काढताच त्यांचे डोळे चमकले. मोज म्हणाल्या.

ताई, आपले काका कसे मोजायचे ते तुला आठवत असेल. कापड कधी ओढायचे नाहीत. ताणून मोजलेलं कापड पहिल्या धुण्यात आखडतं आणि गिऱ्हाईक शिव्या देतं. आणि प्रत्येक गजाच्या टोकाला अंगठा आडवा ठेवून, अंगठ्याच्या पलीकडून पुढचा गज सुरू करायचे. अंगठाभर कापड गिऱ्हाइकाला फुकट. अख्ख्या रस्त्यात काकांचा अंगठा सगळ्यांत रुंद, असं बाबा म्हणायचे.

मी काय केलं असेल ओळख. मी कापड ताणलं. असं ताणलं की बनात कुरकुरली. आणि अंगठा ठेवलाच नाही. पहिल्या गजाला काकांनी खुर्चीचा हात धरला. दुसऱ्याला खोकले. तिसऱ्याला त्यांचा पाय जमिनीवर आपटायला लागला. मी मुद्दाम जास्तच ताणलं, आणि वर म्हणालो, बघा बाईसाहेब, आमच्याकडे एकदम चोख.

काका उठले. टोप तिरका झाला होता. म्हणाले, "अरे गाढवा, ओढतोस काय? मेंढी आहे का ती? आणि अंगठा कुठंय?"

आणि गज माझ्या हातातून गेला. हातमोजे कधी काढले कळलंच नाही. मी दुसरं टोक धरलं, आणि त्यांनी मोजायला सुरुवात केली. ताई, काय मोजलं त्यांनी. गज असा सरकायचा, अंगठा असा बसायचा, कापड नुसतं वाहत होतं. काकू किंकाळी फोडून कोचावर बेशुद्ध पडली, पण चांगल्या उशीवर. एमार कौतुकाने बघत होता. मी मनात म्हटलं, झालं, मोडलं लग्न. पेरीनकडे बघून डोळा मारला.

ती पांढरीफटक पडली होती.

तागा संपला तेव्हा काकांना कळलं आपण काय केलं ते. गज हातात तसाच. बाईसाहेबांनी आधी गजाकडे बघितलं. मग हसल्या. मोठ्याने नाही. म्हणाल्या, "फारच सुरेख. पुन्हा एकदा दाखवा ना. तो अंगठ्याचा प्रकार."

काकांनी पुन्हा मोजलं. नाही कसं म्हणणार? मग त्या म्हणाल्या, आता जरा हळू, एमारला नीट दिसलं नाही. मग पुन्हा. जत्रेत माकडाला करायला लावतात ना, तसं. चौथ्यांदा काकांच्या कपाळावरचा घाम टोपाखालून गालावर आला, आणि पुसायला हात रिकामा नव्हता. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. राग नव्हता त्यात. तो असता तर बरं झालं असतं.

मघाशी मी लिहिलं ना की गंमत म्हणून केलं. सुरुवातीला मी हसत होतो, हे खरं आहे. पण मग मला तागा सोडून देता आला असता. टोक माझ्या हातात होतं. मी सोडलं असतं तर खेळ थांबला असता. मी नाही सोडलं. का, ते मला आजही कळत नाही. बाईसाहेबांनी मला बघितलं असतं म्हणून, असेल.

जाताना त्या दारात थांबून म्हणाल्या की आज आपण इथे काहीच पाहिलं नाही. फक्त आपली स्मरणशक्ती फार चांगली आहे, आणि ती कमजोर करायला खर्च येईल.

त्या गेल्या आणि पेरीनने मला जिन्यात गाठून कानाखाली दिली. तुला माहीत आहे तिचा हात. मी म्हटलं, अगं तुझ्यासाठीच केलं, तुला ते लग्न नको होतं ना, तू खिडकीत रडत होतीस. ती म्हणाली, "मूर्खा, मी रडत होते कारण आई नोटरीला घरात येऊ देत नाहीये."

ऐकलंस? नोटरी. काकूने म्हणे मोंफ्रेवालांना कळवलं होतं की जिथे दोन जीव एकमेकांचे झालेत तिथे करारनामा कशाला. पुस्तकातल्या लग्नांत नोटरी येत नाही, म्हणून इथेही येणार नाही. म्हणजे पेरीनने सगळा हुंडा घेऊन जायचं, आणि उद्या एमार घोड्यावरून पडून मेला तर तिला एक खुर्चीसुद्धा मिळणार नाही. विधवेला काय मिळणार ते कुठेच लिहिलेलं नाही. पोरगी म्हणाली, मला तो आवडतो, त्याची कुत्रीही आवडतात, त्या गढीचं छप्पर मी दोन वर्षांत पुरं करून दाखवते. पण लिहून दिल्याशिवाय मी त्या घरात पाय ठेवला तर सासू मला पिळून काढेल. आता तर तिच्या हातात आणखी एक गोष्ट दिलीस तू.

मी म्हटलं मग रडत कशाला बसलीस, सांगायचं ना. म्हणाली, कुणाला? या घरात करार हा शब्द उच्चारायला बंदी आहे.

ताई, मी दिवसभर काकूची टिंगल करायचो. आणि तिच्यापेक्षा जास्त तिची पुस्तकं माझ्याच डोक्यात शिरली होती. या गोष्टीचा मला जितका संताप येतो तितका दुसऱ्या कशाचा येत नाही.

थांब, गिऱ्हाईक आलंय.

आलो. वाचतेयस ना? पुढचं लिहायचं मी टाळत होतो, पण आता लिहून टाकतो.

दुसऱ्याच दिवशी पेरीनने स्वतः जाऊन नोटरी आणला. काकू आडवी आली तर तिला म्हणाली, आई, तुझ्या खोलीत जा आणि बेशुद्ध पड. मग ती आणि बाईसाहेब समोरासमोर बसल्या. मासळीबाजारात दोन कोळणी एका माशावर बसतात ना, तशा. पण आवाज खाली, आणि दर वाक्याला "माझ्या लाडक्या" असं. विधवेचा वाटा, दागिने, गढीची दुरुस्ती, एकेक गोष्ट पेरीनने कागदावर आणली. बाईसाहेब हळूहळू तिच्याकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागल्या. मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कुणीतरी जोडीचं भेटलं.

आणि या सगळ्याच्या बदल्यात, स्मरणशक्ती कमजोर करायला, त्यांनी काय मागितलं? दुकान. विकून आलेला पैसा नको, चालतं दुकान हवं. मला हसू आलं. म्हटलं, बाईसाहेब, तुम्ही खानदानी, तुम्हाला दुकान ठेवता येतं होय? काकांनी गजाला हात लावला तर ते नालायक, आणि तुम्ही अख्खं दुकान घेणार?

त्या अजिबात चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "पोरा, आमच्या कोचमनच्या नावावर दोन पिठाच्या गिरण्या आहेत. त्याला अजून त्या कुठे आहेत तेसुद्धा माहीत नाही."

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

कळलं ना आता? पाटीवर माझं नाव, दुकान त्यांचं. बाबांचा अर्धा वाटाही त्यातच गेला. तुझा वाटा तुला लग्नात मिळाला होता, देवाची कृपा, नाहीतर तोही गेला असता.

मी नाही म्हणू शकत होतो. पेरीन म्हणालीच, तुझा हक्क आहे, नाही म्हण, मग लग्न मोडेल, तुला तेच हवं होतं ना. मी नाही म्हणणारही होतो. तेवढ्यात बाईसाहेबांनी सहज विचारलं की आदल्या दिवशी तो गज वर आला कसा. तागा समजू शकते, गज कुणी आणला? बोलता बोलता माझ्याकडेच बघत होत्या. त्यांना फसवलेलं चालत नाही. हा कुणाचा तरी डाव होता असं कळलं असतं, तर पेरीनचा करारबिरार तिथेच फाडला असता.

काका कोपऱ्यात बसले होते, हातमोज्यांत हात घालून. ते म्हणाले, "मीच मागवला होता. सवय."

एवढंच. माझ्याकडे बघितलंही नाही. बाईसाहेब हसल्या आणि म्हणाल्या, हो, सवय वाईट.

मी सही केली. लपेटदार, खाली दोन रेघा मारून. आयुष्यातली पहिली कामाची सही.

जूनमध्ये, संत जॉनच्या सणाला लग्न झालं. चांगलं झालं. पेरीन आता मादाम द मोंफ्रेवाल, गढीच्या छपरावर माणसं चढलीत. एमार तिच्या मागे मागे फिरतो, कुत्रीही. ती महिन्यातून एकदा येते, सासूचे पैसे घ्यायला. गाडी बंद, पडदे ओढलेले, आणि आत येऊन अर्धा तास उगाच कापडं चाळते, मग काहीच आवडलं नाही म्हणून जाते. पैसे मोजून घेताना माझ्याशी एक शब्द जास्त बोलत नाही. गेल्या खेपेला मात्र जाताना म्हणाली, मातुरँ, तू रोडावलायस. मी म्हटलं, दुकानदार आहे ना, जेवायला वेळ कुठे.

आणि सगळ्यात वरताण ऐक. बाईसाहेबांनी फर्मान सोडलंय की अंगठा बंद. म्हणाल्या, दर गजाला अंगठाभर म्हणजे वर्षाचे किती होतात, तुमच्या काकांनी कधी हिशेब केला नाही वाटतं. त्यांनी केलाय. आता मी कापड काटेकोर मोजतो आणि जुनी गिऱ्हाइकं तोंडावर बोलतात की काका देवमाणूस होता, पुतण्या चोर निघाला. ऐकून घेतो. ज्या मातुरँला समोरचा टोपीवाला एक शब्द बोलला तर तो त्याच्या टोपीत अंडं फोडायचा, तो मातुरँ म्हणतो, होय मावशी, चुकलं मावशी, काळ महागाईचा आहे मावशी.

काका येत नाहीत. येऊ शकत नाहीत. खानदानी माणूस या दारात काय करणार. रविवारी चर्चमध्ये दिसतात, मानेने हलकं काहीतरी करतात. मी माफी मागायला एकदा त्यांच्या नव्या घरी गेलो होतो. तर काकूने बसवून घेतलं आणि आठवा खंड हातात दिला. मी वाचत राहिलो, ते ऐकत राहिले. मग निघालो.

म्हणून दाजींना सांग, भांडवल नाही. काय कारण द्यायचं ते तू बघ. सांग की मातुरँ कंजूष झालाय, बायका ठेवतो, जुगार खेळतो, काय हवं ते सांग. जाकोलाही तसंच. इथे आला तर दोन आठवड्यांत सगळं ओळखेल, आपलंच पोरगं आहे ते. मग घरी जाऊन सांगेल, दाजी ते मेणबत्त्यांच्या दुकानात गिऱ्हाइकांना सांगतील, आणि अमिएँचं गिऱ्हाईक पॅरिसला येतंच.

ताई, तू मला लहानपणापासून ओळखतेस. कुठली खोडी केली की पहिलं मी तीच सगळ्यांना सांगत सुटायचो. मारही त्यामुळेच खाल्ला. आयुष्यातली सगळ्यांत मोठी खोडी केली, आणि ती मला कुणाला सांगता येत नाही. परवा दारूच्या गुत्त्यात दोन पेले झाल्यावर तोंड उघडलं होतं. मग एकदम पेरीन आठवली. तिला दिवस गेलेत. वसंतात मूल होईल. ते जन्मताच खानदानी असेल, नावापुढे 'द' लागेल, आणि ते तसं तोवरच राहील जोवर त्याची आजी दुकानदार आहे हे कुणाला कळत नाही. मी तोंड मिटलं आणि बाहेर येऊन भिंतीवर डोकं आपटून घेतलं. थोडंसंच.

पण पोटात राहत नव्हतं, म्हणून तुला लिहिलं. आता हे पत्र वाच आणि चुलीत टाक. दाजींना दाखवू नको. पाद्र्याला कबुली देताना माझं पाप तुझ्या नावावर घालू नको आणि बाईसाहेबांचं नाव तर स्वप्नातही घेऊ नको. शेजारच्या बाईला, सासूला, कुणाकुणाला सांगू नको. तू गप्प राहू शकतेस, मला माहीत आहे. एवढ्या वर्षांत मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही, चोरलं तेवढंच. आता हात जोडून मागतो. ताई, कुणाला सांगू नको.

तुझा भाऊ, पाटीवर ज्याचं नाव आहे तो,
मातुरँ